दुपारी ३.३५ चा फोन: युद्धाच्या उंबरठ्यावरून देश मागे कसे येतात?

१० मे २०२५, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानी लष्करातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने भारतीय लष्करातल्या आपल्या बरोबरीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्या बोलण्यात ठरलं की संध्याकाळी ५ वाजल्यापासून जमीन, हवा आणि समुद्र या तिन्ही ठिकाणची लष्करी कारवाई थांबवायची. त्याआधीचे चार दिवस दोन्हीकडून क्षेपणास्त्रं, ड्रोन आणि तोफा चालू होत्या. त्या रात्री काही ठिकाणी पुन्हा ड्रोन दिसले, स्फोटांचे आवाज आले. नंतर मात्र शांत झालं.

त्या आठवड्यात परभणीत जिथे जावं तिथे हाच विषय होता. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, घरच्या ग्रुपवर लोक विचारत होते: शत्रूचा फोन घ्यायचाच कशाला? बोलायचंच होतं तर लढलो कशाला? आपला हात वर असताना थांबलो का? हे प्रश्न रागातून आलेले होते आणि त्या रागाला कारण होतं. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यातले ६ जण आपल्या महाराष्ट्राचे होते, घरच्यांसोबत सुटीला गेलेले.

त्या प्रश्नांची उत्तरं सरळ भाषेत द्यायचा हा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन शेजारी देशांमधलं बोलणं ही एक यंत्रणा आहे, आणि तणाव सगळ्यात जास्त असतो तेव्हाच ती चालू असावी लागते. ती बंद करा म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. त्यांची मागणी मात्र आपल्याच जवानांना आणि सीमेवरच्या गावांना महागात पडणारी आहे.

नांदेडपासून सीमा फार लांब नाही

मराठवाड्यात बसून सीमेवरची लढाई दूरची वाटू शकते. पण नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर घेत थेट अमृतसरला जाते, आणि अमृतसरपासून अटारीची सीमा जेमतेम ३० किलोमीटर आहे. हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे पंजाबचे भाविक याच गाडीने येतात. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा त्या यादीत आपलं छत्रपती संभाजीनगरही होतं.

ऐन लग्नसराईत सुटीवर आलेल्या जवानांना परत बोलावणं आलं. आमच्या शेजारचा मुलगा बहिणीच्या हळदीच्या दिवशीच निघाला. आईने धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी वेगळ्या कागदात. तो म्हणाला, "आई, बस कर, एवढे संपायचे नाहीत." ती म्हणाली, "मग वाटून खाय." पुढचे चार दिवस त्याच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. अँकरचं ओरडणं सहन होईना, म्हणून ते फक्त खालची पट्टी वाचायचे.

आणि लढाई आपल्या सीमेवर नसली तरी तिची झळ बाजारात पोचतेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि महिन्याभरात आपल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेलाचे भाव चढले. पोटॅश खत आपण जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो, त्यातही रशिया आणि बेलारूस हे मोठे पुरवठादार. खरिपाच्या तोंडावर खताच्या दुकानासमोर रांग लावणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

"चर्चा" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत

सगळा गोंधळ इथेच होतो. टीव्हीवर "पाकिस्तानशी चर्चा करावी का?" असं विचारतात, तेव्हा डोळ्यांसमोर येतात ते हस्तांदोलन करणारे दोन पंतप्रधान. पण ३.३५ चा फोन त्या जातीचा नव्हता.

तो फोन दोन डीजीएमओंमधला होता. डीजीएमओ म्हणजे लष्करी मोहिमांचे महासंचालक. प्रत्यक्ष लढाईचं नियोजन ज्यांच्या हाताखाली चालतं, ते हे अधिकारी. त्यांच्यात हॉटलाइन आहे, म्हणजे दोन कार्यालयांना थेट जोडणारी कायमची फोनलाइन. ती १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली आणि एरवीही दर मंगळवारी तिच्यावर बोलणं होत आलं आहे. इथे काश्मीर कुणाचं हा विषय निघत नाही. अमुक चौकीवरून गोळीबार झाला, तमुक ठिकाणी तुमचा माणूस आमच्याकडे आला, एवढंच बोलायचं. खालच्या पातळीवर हेच काम ध्वजबैठकीत होतं, म्हणजे सीमेवरचे दोन्हीकडचे अधिकारी समोरासमोर भेटतात तेव्हा. २३ एप्रिल २०२५ ला, म्हणजे पहलगामच्या दुसऱ्याच दिवशी, सीमा सुरक्षा दलाचा एक जवान फिरोजपूरजवळ चुकून पलीकडे गेला आणि पकडला गेला. मधल्या काळात दोन्ही देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागली. तरी १४ मे रोजी तो जवान अटारीवरून सुखरूप परत आला, आणि आपण त्यांचा एक रेंजर, म्हणजे त्यांच्या सीमादलाचा जवान, परत दिला. कुणीतरी कुणाशीतरी बोलत होतं म्हणूनच हे झालं.

दुसरा प्रकार राजकीय वाटाघाटींचा. यात सरकारं मूळ वादावर बोलतात: सीमा, दहशतवाद, व्यापार, पाणी. "दहशतवाद आणि चर्चा एकत्र चालू शकत नाहीत" ही भारत सरकारची भूमिका आहे ती या प्रकाराबद्दल. ती भूमिका कुणाला पटो न पटो, पण ती घेऊनसुद्धा डीजीएमओंचा फोन चालूच राहतो, हे लक्षात घेतलं पाहिजे.

तिसरा प्रकार पडद्यामागच्या बोलण्याचा. दोन्ही नेत्यांचा विश्वास असलेली माणसं गाजावाजा न करता भेटतात, कुठली तडजोड शक्य आहे ते चाचपून बघतात. कारगिलची लढाई चालू असताना पत्रकार आर. के. मिश्रा आणि पाकिस्तानचे माजी परराष्ट्र सचिव नियाझ नाईक असे ये-जा करत होते. पुढे मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांच्या काळात सतिंदर लांबा आणि तारिक अझीझ यांनी काश्मीरवर बरंच अंतर कापलं होतं. हे गुपचूप का करायचं, असा संशय येणं स्वाभाविक आहे. त्याचं उत्तर थायलंडने दिलं. जून २०२५ मध्ये थायलंडच्या पंतप्रधान पेतोंगतार्न यांनी कंबोडियाचे वयोवृद्ध नेते हुन सेन यांच्याशी सीमावाद शांत करण्यासाठी फोनवर बोलणं केलं. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं. त्यात त्यांनी स्वतःच्याच लष्करी कमांडरबद्दल काढलेले उद्गार देशभर गाजले, त्यांना पदावरून निलंबित केलं गेलं, २४ जुलैला दोन्ही देशांत तोफा सुरू झाल्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांचं पदही गेलं. बोलणं उघडं पडलं की कुणालाच मागे सरता येत नाही.

कुणालाच नको असताना युद्ध पेटतं कसं

बहुतेक वेळा दोन्ही बाजू म्हणतात की आम्ही फक्त उत्तर दिलं. आणि दोघांनाही ते मनापासून खरं वाटत असतं. आपला हल्ला मोजूनमापून केलेला, त्यांचा मात्र चिथावणीखोर; आपण थांबायला तयार, तेच ऐकत नाहीत. पलीकडच्या सेनापतीच्या डोक्यात काय आहे ते माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यात वाईट तेच करणार असं धरून तयारी करावी लागते. ती तयारी पलीकडून दिसते आणि तिकडे तेच होतं. यात वेळ फार कमी असतो. दिल्ली-इस्लामाबाद हे अंतर ७०० किलोमीटरच्या आत आहे. इतक्या अंतरावर क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोचतं. आणि दोन्ही देशांकडे अण्वस्त्रं आहेत.

९ मार्च २०२२ रोजी जे घडलं त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही असं मला वाटतं. भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नू गावाजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. दोन दिवसांनी, ११ मार्चला, भारताने तांत्रिक बिघाडामुळे हे झाल्याचं जाहीर करून खेद व्यक्त केला. पुढे चौकशी होऊन हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. आम्हाला लगेच कळवलं नाही, अशी पाकिस्तानची तक्रार होती. तो महिना शांततेचा होता म्हणून निभावलं. हेच ८ मे २०२५ च्या रात्री झालं असतं तर? त्या रात्री आपल्या काही वाहिन्या "कराची बंदर उद्ध्वस्त" अशी खोटी बातमी ओरडून सांगत होत्या. पलीकडच्या वाहिन्यांवरही विजयाचे दावे चालू होते. अशा रात्री एक भरवशाची फोनलाइन असणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

अमेरिका आणि सोव्हिएत रशिया हे शिकले ते ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात. तेव्हा दोन नेत्यांमधले संदेश पोचायला, उलगडायला तासन् तास लागत होते आणि जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं. त्यातून वाचल्यावर जून १९६३ मध्ये त्यांनी थेट लाइन टाकायचा करार केला. सुरुवातीला तो फोनही नव्हता, संदेश टंकित होऊन येणारं यंत्र होतं. तोंडी बोलण्यात घाईने काही निघून जायला नको, म्हणून लेखी पसंत केलं.

"ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांच्याशी करार कसला?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. त्यावर मराठवाड्याच्या माणसाला जायकवाडीचं उदाहरण देतो. वरच्या नाशिक-अहिल्यानगरवर आपला किती विश्वास आहे? गोदावरीच्या पाण्यावरून आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, दर दुष्काळात नवी भांडणं होतात. तरी नियम काय, तर १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर साधारण ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तो याच हिशेबाने. त्या आकड्यांवर दोन्हीकडचे लोक नाराज आहेत, आणि त्यात दुरुस्ती हवी असंही बरेच जण म्हणतात. पण भांडण आकड्यांवर होतं. नियम नसता तर ते बंधाऱ्याच्या दारांवर, कुऱ्हाडी घेऊन झालं असतं. विश्वास नसतो तिथेच लेखी, मोजता येणारा नियम लागतो.

सिंधू जलकरार असाच होता. १९ सप्टेंबर १९६० रोजी नेहरू आणि अयूब खान यांनी त्यावर सह्या केल्या, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने, आठ-नऊ वर्षांच्या वाटाघाटीनंतर. रावी, बियास, सतलज भारताच्या वाट्याला. सिंधू, झेलम, चिनाबचं बहुतांश पाणी पाकिस्तानच्या. दोन्हीकडच्या आयुक्तांनी वर्षातून किमान एकदा भेटायचं. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतही तो करार टिकला. २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो स्थगित ठेवला. पाकिस्तान दहशतवादाला दिलेला पाठिंबा सोडत नाही तोवर स्थगिती राहील, असं सरकार म्हणतं. दबाव आणायचा सरकारला अधिकार आहे. मला काळजी वाटते ती आयुक्तांच्या भेटी थांबल्याची. पण यातही एक गोष्ट बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूत तवी नदीला मोठा पूर येणार असं दिसलं, तेव्हा भारताने आपल्या उच्चायोगामार्फत, म्हणजे तिथल्या दूतावासामार्फत, पाकिस्तानला सावध केलं. माणुसकी म्हणून. करार बाजूला ठेवलेला असतानाही निरोप गेला.

अशीच आणखी एक रीत आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात करार झाला की एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. कारगिलनंतर नाही, संसदेवरच्या हल्ल्यानंतर नाही, मुंबईनंतर नाही.

"वाजपेयी बस घेऊन गेले, बदल्यात कारगिल मिळालं"

हे खरं आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, २१ फेब्रुवारीला लाहोर जाहीरनामा झाला. त्याच सुमारास पाकिस्तानी सैनिक कारगिलच्या शिखरांवर चढत होते. आपले ५०० हून जास्त जवान त्या लढाईत गेले. हा विश्वासघात होता.

पण त्यानंतर वाजपेयींनी काय केलं? लढाई लढले, शिखरं परत घेतली, नियंत्रण रेषा मात्र ओलांडली नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, दहा महिने दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी राहिली. आणि एवढं सगळं झाल्यावर, नोव्हेंबर २००३ मध्ये, त्यांच्याच काळात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली. नियंत्रण रेषा म्हणजे जम्मू-काश्मीरमधली प्रत्यक्ष ताब्याची रेषा. शस्त्रसंधी म्हणजे तिच्यावर गोळीबार बंद. तोफांच्या माऱ्यात पडीक राहिलेल्या शेतांत लोक परत गेले. एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली आणि पन्नास-पन्नास वर्षं न भेटलेली भावंडं भेटली.

पुढे ती शस्त्रसंधी पार विसविशीत झाली. २०२० या एका वर्षात पाकिस्तानकडून ५ हजारांहून जास्त वेळा ती मोडल्याची नोंद भारताने केली. मग २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंचं एक छोटं संयुक्त निवेदन आलं: करार पाळायचा. तेव्हा दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्तसुद्धा नव्हते, व्यापार बंद होता, राजकीय बोलणं शून्य होतं. तरीही गोळीबार जवळजवळ थांबला आणि पुढची चार वर्षं बहुतांशी थांबलेला राहिला. पूंछ-राजौरीतल्या पोरांना शाळेत जाता आलं. मे २०२५ मध्ये तोच पूंछ पुन्हा तोफांखाली आला आणि तिथे लहान मुलंही मेली.

"आपला मराठवाडा चर्चेने सुटला का?"

हा प्रश्न एका निवृत्त गुरुजींनी मला विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो ते काही वाटाघाटी यशस्वी झाल्या म्हणून नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, एका वर्षासाठी. बोलणी चालू राहिली. जून १९४८ मध्ये शेवटचा मसुदा निजामाने नाकारला. तोवर रझाकारांनी खेड्यापाड्यांत हैदोस घातला होता. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत आलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे शेवटी बळ वापरावंच लागलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या लोकांना याचं दुःख नव्हतं, आनंद होता, आणि तो रास्त होता.

पण ती बोलणी का फसली, हे नीट बघितलं पाहिजे. टेबलावर निजामाचे मंत्री आणि सल्लागार बसत होते. रस्त्यावरची बंदूक रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीच्या हातात होती. हाच रझवी मूळचा लातुरात वकिली करणारा. निजामाच्या दरबारात काही ठरलं की तो बाहेर सभा घेऊन ते उधळून लावायचा. सही करणारा एक आणि हत्यार चालवणारा दुसरा, असं असलं की करार कागदावर राहतो. पाकिस्तानशी बोलताना नेमकी हीच अडचण आहे: निवडून आलेलं सरकार एक, आणि खरी सत्ता रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात. म्हणूनच लष्कर-ते-लष्कर लाइनला इतकं मोल आहे. तिथे हत्यार चालवणाराच फोनवर असतो.

दुसरं असं की हैदराबाद संस्थान चारही बाजूंनी भारताने वेढलेलं होतं, त्याला समुद्र नव्हता, मोठं सैन्य नव्हतं, अण्वस्त्रांचा तर प्रश्नच नव्हता, आणि आतली बहुसंख्य जनता विलीनीकरण मागत होती. दोन अण्वस्त्रधारी देशांना तो नमुना लागू करता येत नाही.

आणि तिसरं, जे आपल्याकडे बोललं जात नाही. मोहीम पाच दिवसांची होती, पण मरण पाच दिवसांत थांबलं नाही. पुढच्या दिवसांत अनेक गावांत सूड उगवला गेला, आणि त्यात ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसंही मारली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा अंदाज होता की कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने नावं घेतली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडची. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेली गावं जेवढी खरी, तेवढंच हेही खरं आहे. आपल्या जुन्या लोकांना दोन्ही माहीत होतं. घरात विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे. सगळ्यात थोडक्यात आटोपलेली, न्याय्य वाटणारी लष्करी कारवाईसुद्धा मागे काय ठेवून जाते, हे मराठवाड्याने दुसऱ्याकडून ऐकायची गरज नाही.

"एकदाचा काय तो निकाल लावून टाका"

१९७१ मध्ये निकाल लागला होता. तेरा दिवसांत बांगलादेश झाला, सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले. याहून मोठा विजय मागता येणार नाही. तरी २ जुलै १९७२ ला सिमल्यात बसून बोलावंच लागलं, कारण जिंकलेल्या जमिनीचं, कैद्यांचं, नव्या रेषेचं काय करायचं हे तोफा ठरवत नाहीत. आणि ज्यांना निकाल लागत नाही त्यांचं काय होतं, तर इराण-इराक. १९८० ते १९८८, आठ वर्षं लढले, लाखो माणसं मेली, आणि सीमा जवळपास जिथे होती तिथेच राहिली.

मध्ये तिसरा असावा का?

भारताची भूमिका सिमला करारापासून ठरलेली आहे: आपसातले प्रश्न आपसातच. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी मध्यस्थीचं श्रेय घेतलं तेव्हा भारताने ते याच कारणाने नाकारलं. तरी इतिहासात तिसऱ्याचा उपयोग झाला नाही असं नाही. ताश्कंदला १९६६ मध्ये सोव्हिएत रशिया होता, सिंधू करारात जागतिक बँक होती.

सगळ्यात लख्ख उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. अर्जेंटिना आणि चिली या शेजाऱ्यांत टोकाकडच्या बीगल खाडीतल्या तीन बेटांवरून वाद होता. निवाडा चिलीच्या बाजूने लागला, अर्जेंटिनाने तो धुडकावला. डिसेंबर १९७८ मध्ये अर्जेंटिनाची जहाजं आणि सैन्य निघालंसुद्धा होतं. अगदी शेवटच्या तासांत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थी देऊ केली आणि हल्ला थांबला. पुढे बोलणी सहा वर्षं रेंगाळली. लोक वैतागले असतील. पण १९८४ मध्ये करार झाला, अर्जेंटिनाच्या मतदारांनी जनमतात त्याला प्रचंड बहुमताने होकार दिला, आणि त्या दोन देशांत युद्ध झालं नाही ते नाहीच.

मग दहशतवाद्यांना शिक्षा नको का?

हवी. पहलगामच्या मारेकऱ्यांना पाठवणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि पाकिस्तानवर त्यासाठी जगभरातून दबाव आणला पाहिजे. फोन चालू ठेवल्याने यातलं काहीच अडत नाही. उलट पुरावे देणं, आरोपी मागणं, वित्तपुरवठा रोखायला भाग पाडणं हे सगळं कुठल्या तरी टेबलावरच होतं. आणि अटारी बंद राहिली, पाकिस्तानातल्या करतारपूर गुरुद्वाराची वाट बंद राहिली, तर त्याने मारेकऱ्याचं काय बिघडतं? नांदेडच्या शीख भाविकाचं दर्शन तेवढं चुकतं.

आपण काय मागू शकतो

पुढच्या वेळी तणाव वाढेल तेव्हा बातम्यांत काही ठरावीक गोष्टी शोधा. डीजीएमओंचं बोलणं चालू आहे का? १ जानेवारीची अणुप्रकल्पांची यादी गेली का? दोन्ही राजधान्यांत उच्चायोग उघडे आहेत का? २०१९ पासून तिथे उच्चायुक्त नाहीत आणि एप्रिल २०२५ नंतर कर्मचारीही ३० वर आणले आहेत. या गोष्टी चालू असतील तर अँकर कितीही ओरडला तरी परतीची वाट शिल्लक आहे असं समजा. त्या बंद पडत असतील तर मात्र काळजी करा, आणि कराचीबद्दलचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी ज्यांचा मुलगा त्या सीमेवर उभा आहे त्या घराचा विचार करा.

मागणी करायला एक अगदी लहान, कुणाच्याच देशभक्तीला धक्का न लावणारी गोष्ट आहे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ ला, लढाई थांबून दोन महिनेही झाले नव्हते, तरी त्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते, भारतीय किंवा भारतीय मानले जाणारे. भारताच्या यादीत त्यांचे ८१. आपल्या पालघर जिल्ह्यातले मच्छीमारही कराचीच्या तुरुंगात अडकत आले आहेत. समुद्रात रेषा आखलेली नसते, मासळीच्या मागे बोट पलीकडे जाते आणि घरचा कमावता माणूस वर्षानुवर्षं दिसत नाही. कित्येकांची शिक्षा कधीच भरलेली असते. यांच्यासाठी २००८ साली दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती नेमली होती. ते न्यायाधीश एकमेकांच्या देशांत जाऊन तुरुंगात कैद्यांना भेटायचे, कुणाला सोडायचं त्याची शिफारस करायचे. तिची शेवटची भेट २०१३ मध्ये झाली. ही समिती पुन्हा चालू करा, असं एक पत्र आपल्या खासदाराला लिहिता येतं. मी लिहिलं आहे. परभणी, नांदेड, लातूर, बीड, कुठूनही लिहिता येईल.